आत हवा नसते

१

रविवारी सकाळी साडेनऊला मी स्कूटी काढायची आणि कोपरगावातल्या नूरमहंमदचाचांच्या दुकानात जायची. चार वर्षं हा नेम होता. गळीत हंगाम जोरात असला तरी मी पाळी बदलून घ्यायची. साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागाला आहे मी. बॉयलरवरचे गेज, व्हॉल्व्ह, तापमानाचे मीटर हे माझ्याकडे. रविवारी मी कुठे जाते ते तिथे कुणाला सांगत बसले नाही. तीस वर्षं मेलेला संगणक पुन्हा चालू करण्यात काय मजा असते, हे सांगून कळत नाही.

चाचांचं वय अडुसष्ट. पंचेचाळीस वर्षं त्यांनी टीव्ही दुरुस्त केले. आता टीव्ही दुरुस्तीला कुणी आणत नाही, बिघडला की नवा भिंतीला लावतात. म्हणून त्यांच्या दुकानात आमची यंत्रं राहायला आली. टीव्हीला जोडून चालणारे कीबोर्डवाले संगणक, कॅसेटचे व्हिडिओ गेम, एका शाळेनं भंगारात काढलेला हिरव्या पडद्याचा संगणक. एक तर मला घोडेगावच्या बाजारात मिळाला होता, म्हैस विकायला आलेल्या माणसाच्या टेम्पोत, पेंडीच्या पोत्याखाली.

मी सर्किट वाचायची, चाचा हातानं काम करायचे. फुगलेले कंडेन्सर काढायचे, गंजलेले पाय घासायचे, नवीन टाका द्यायचा. मग बटण दाबायचं आणि श्वास रोखून थांबायचं. काळ्या काचेवर पहिलं अक्षर उमटलं की चाचा दोन्ही हात लुंगीला पुसत आणि चहा सांगत.

२

एप्रिलमध्ये शिर्डीहून मच्छिंद्रभाऊंचा फोन आला. ते एका लॉजचे मॅनेजर. लॉज पाडून नवीन बांधायचं चाललं होतं आणि तळघरात एक व्हिडिओ गेमची पेटी निघाली होती. पूर्वी यात्रेकरूंची मुलं नाणं टाकून खेळायची ती, उभी, माणसाएवढी, प्लायवूडची. नेत असाल तर न्या, म्हणाले.

आम्ही टेम्पो करून गेलो. मला परत येईपर्यंत धीर निघत नव्हता. पेटीचं मागचं दार उघडून मोबाईलच्या उजेडात बघितलं तर सगळं जागेवर. बोर्ड, वीस इंची पिक्चर ट्यूब, तिच्या मागची वायरिंग, काहीच कुणी उपटून नेलेलं नव्हतं. धूळसुद्धा नव्हती फारशी. असा माल आयुष्यात एकदा मिळतो. नगरला जूनच्या शेवटी एका कॉलेजात जुन्या संगणकांचं प्रदर्शन होणार होतं, आमच्यासारखे वेडे राज्यभरातून येणार होते. टेम्पोत बसल्या बसल्याच मी मनात आमची पेटी तिथं मधोमध उभी करून टाकली होती.

चाचांना एकच गोष्ट खटकली. त्या काळात शिर्डी-कोपरगावातली अशी प्रत्येक पेटी त्यांच्या हाताखालून गेली होती. ही त्यांनी कधी बघितलेली नव्हती.

३

पाच रविवार लागले. बोर्डावरचे एकोणीस कंडेन्सर बदलले, वीज देणारा भाग नव्यानं बांधला, जॉयस्टिकच्या आतल्या पत्र्याच्या पट्ट्या घासून चकचकीत केल्या. मेच्या मध्यावर सकाळी अकराच्या सुमाराला आम्ही पहिल्यांदा बटण दाबलं.

पिक्चर ट्यूब तापायला काही सेकंद घेते. आधी आवाज येतो. फार बारीक शिट्टी असते ती, डास कानाजवळून गेल्यासारखी. मग काचेवर निळं आकाश आलं, खाली डोंगर, आणि एक छोटं लाल विमान उजवीकडे उडायला लागलं. रंग इतके ताजे होते की मी टाळ्या वाजवल्या.

चाचांनी पडद्याकडे बघितलंच नाही. ते मान तिरकी करून ऐकत होते.

"शिट्टी लई गोड हाय हिची," ते म्हणाले.

मी हसले, आणि मग माझ्या लक्षात आलं. ट्यूबची ती शिट्टी सेकंदाला पंधरा हजारांच्या वरच्या कंपनांची असते. पन्नाशी उलटली की माणसाच्या कानाला ती लागत नाही. चाचांनीच मला हे शिकवलं होतं. वीस वर्षं झाली, ते सांगत, टीव्ही चालू झाला की नाही ते आता हात लावून बघावं लागतं.

मी त्यांना विचारलं, खरंच ऐकू येतेय? त्यांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते. त्या दिवशी आम्ही खेळलो, जिलेबी मागवली, बाजूच्या शिंप्यालाही बोलावून विमान उडवायला दिलं. मुबारकबीचाची मागच्या घरातून बघायला आल्या. म्हाताऱ्याचे कान परत आले म्हणून त्यांनी दोघांवरून मीठमोहरी उतरवून टाकली.

४

पुढच्या रविवारी चाचा म्हणाले, ती शिट्टी मधेमधे थांबते.

मी म्हटलं, थांबणार नाही. शिट्टी थांबली तर चित्रही जाईल. मलाही ती ऐकू येत होती, एकसारखी, न तुटता. मी मोबाईलवर आवाजाचा आलेख काढणारं ॲप उघडलं. पडद्यावर एक सरळ रेघ आली. चाचांना सांगितलं, थांबली की बोट वर करा. ते डोळे मिटून स्टुलावर बसले. बऱ्याच वेळानं बोट वर गेलं. रेघ तशीच सरळ होती. आणखी बऱ्याच वेळानं बोट खाली आलं.

"लांबलचक वाजती, मग तेवढाच वेळ गप," ते म्हणाले. "दम भरून घेतल्यागत."

म्हणजे त्यांना ऐकू येत होतं ते आणि मला येत होतं ते एक नव्हतं. मी इंजिनीअर आहे. असं काही निघालं की मला भीती नाही वाटत, हात शिवशिवतात. मी मुख्य बटण बंद केलं, प्लग काढून त्यांच्या हातात दिला. माझी शिट्टी बंद झाली. त्यांची चालू होती. मग त्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधला, स्टूल गरगरा फिरवलं आणि विचारलं, कुठून येतेय? त्यांनी पेटीकडे बोट दाखवलं. सहा वेळा फिरवलं, सहाही वेळा पेटीकडेच. दुकानाबाहेर नेलं तर म्हणाले आता नाही येत.

त्याच आठवड्यात मी त्यांना नगरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणी झाली. आलेख अडुसष्ट वर्षांच्या माणसाचा होता, वरचे आवाज पार गेलेले. वयानुसार कानात वाजतं, डॉक्टर म्हणाले, काळजीचं नाही. परत येताना मला ते पटलं. स्टूल फिरवलं तेव्हा त्यांना रस्त्यावरच्या आवाजावरून दिशा कळली असणार, असं मी ठरवून टाकलं. चाचा एसटीच्या खिडकीला डोकं टेकून ओठांचा चंबू करत होते. शिट्टीचा सूर लावून बघत होते, न वाजवता.

५

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चाचींचा कारखान्यात फोन आला. त्या मला कधी फोन करत नाहीत. संध्याकाळी सुटल्यावर मी गेले. त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं, पाणी दिलं आणि बराच वेळ गव्हाचं ताट पुढ्यात घेऊन खडे काढत राहिल्या. चाचा आता रोजच पेटीपाशी बसतात, असं त्यांनी सांगितलं. बटण लावत नाहीत. जेवायला हाका माराव्या लागतात. तब्येत मात्र खुशीत आहे, इतके आनंदात त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं, असंही म्हणाल्या.

मग ताट बाजूला ठेवून म्हणाल्या, "झोपेत दम धरून ठेवतात. मी मोजते. तीनशेपर्यंत मोजलं परवा, तरी न्हाई सोडला."

तीनशे म्हणजे पाच मिनिटं. इतका वेळ कुणी दम धरू शकत नाही, चाचींनी भीतीनं भरभर मोजलं असेल, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलवली. त्यांचा विश्वास बसला नव्हता आणि माझाही.

६

रविवारी मी नेहमीपेक्षा लवकर गेले. दुकान उघडं होतं, चाचा दिसेनात. पेटीचं मागचं दार काढून भिंतीला टेकवलेलं होतं आणि दारातून त्यांचे पाय बाहेर आले होते.

ते कमरेपर्यंत आत होते. ट्यूबच्या मागे काचेची एक बारीक मान असते, तिला त्यांनी कान लावला होता. शेजारी चार बोटांवर ट्यूबला हजारो व्होल्ट देणारी लाल टोपीची वायर. ट्यूब बंद केल्यावरही तिच्यात वीज साठून राहते, आणि ती उतरवल्याशिवाय चाचांनी कधी आत बोटसुद्धा घातलं नव्हतं. मी हाक मारली. ते हलले नाहीत. त्यांची पाठ वरखाली होत नव्हती.

मी त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि सगळा जोर लावून मागे ओढलं. आम्ही दोघं फरशीवर पडलो. त्यांचे ओठ जांभळे पडले होते. क्षणभर काही झालं नाही, आणि मग त्यांनी असा श्वास घेतला की मला वाटलं संपत नाही आता. डोळे उघडले. माझ्याकडे बघून हसले.

"कुणीतरी दम कोंडून बसलंय आत," ते म्हणाले. "मी जरा साथ देत हुतो."

मी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी पाजलं. डॉक्टरांकडे चला म्हटलं, त्यांनी मानलं नाही. मग डब्यातली भाकरी त्यांना भरवायला घेतली, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. पेटी आमच्या समोर होती. दारातून ऊन आत आलं होतं आणि काळ्या काचेवर तिरकं पडलं होतं.

काचेच्या मध्यभागी एक धुरकट ठिपका होता.

थंडीत आरशाजवळ तोंड नेल्यावर उमटतो तसा. मी बघत असताना तो वाढत गेला, फार हळू. आधी रुपयाएवढा, मग बशीएवढा. मी उठून ओढणीनं काच पुसली. गेला नाही. नखानं खरवडून बघितलं. काच कोरडी होती, गुळगुळीत. वाफ आतल्या बाजूला होती.

पिक्चर ट्यूबच्या आत हवा नसते. कारखान्यातच सगळी हवा काढून काच बंद करतात, थोडी जरी शिरली तरी चित्र येत नाही. आमचं चित्र तर उत्तम येत होतं. मी हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत उभी राहिले. चाचांची भाकरी संपेपर्यंत तो ठिपका ताटलीएवढा झाला, थांबला, आणि तितक्याच हळू आटायला लागला.

चाचांनी मागून म्हटलं, "आता दम घेतंय बघ."

मला तेव्हा काहीच ऐकू येत नव्हतं. पण खरं सांगते, मला तिथून पळून जावंसं वाटलं नाही. माझी छाती धडधडत होती ती पहिलं अक्षर उमटताना धडधडते तशीच.

७

ट्यूब मारायची, म्हणजे तिच्यात हवा सोडून ती कायमची निकामी करायची, हे आम्ही दोघांनीही त्याच दिवशी ठरवलं. कारणं वेगळी होती. मला चाचांना त्या पेटीपासून सोडवायचं होतं. प्रदर्शन दहा दिवसांवर आलं होतं आणि तशी ट्यूब पुन्हा मिळणार नव्हती, तरी चाचींचं ते मोजणं माझ्या डोक्यातून जात नव्हतं. चाचांना मात्र आत जे कुणी होतं त्याची दया येत होती.

"त्याला हवा पायजे," एवढंच ते म्हणाले.

निकामी ट्यूब भंगारात देण्याआधी तिच्यात हवा भरावी लागते, नाहीतर फुटून काचा उडतात. चाचांनी हे शेकडो वेळा केलेलं. मानेच्या टोकाला प्लास्टिकच्या टोपीखाली काचेचं छोटं बोंड असतं. ते पकडीनं हलकेच मोडायचं. सूं करून चार-पाच सेकंद हवा आत जाते आणि संपलं. हवा गेली की नाही ते बघायला चाचा वर्तमानपत्राची चिंधोटी भोकापुढे धरत. ती भोकाला चिकटते.

आम्ही ट्यूबमधली साठलेली वीज उतरवली. पुढच्या काचेवर गोधडी टाकली. दोघांनी गॉगल घातले. दुपारचा एक वाजला असेल, बाहेर रिक्षावाल्याचा भोंगा चालू होता, मागच्या घरात चाचींचा कुकर शिट्टी देत होता. मी चिंधोटी धरली. चाचांनी पकड लावली.

टक असा आवाज झाला.

चिंधोटी चिकटली नाही. ती माझ्या बोटांत सरळ आडवी झाली, माझ्याकडे.

हवा बाहेर येत होती. कोमट आणि ओलसर. माझ्या मनगटावरचे केस तिनं मागे वळवले. मला वाटलं आता थांबेल, ट्यूबमध्ये अशी कितीशी हवा मावणार, बादलीभर. ती थांबली नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे मी बघितलं, कारण मोजणं एवढंच मला येतं. एक मिनिट. दोन. चाचांनी पकड खाली ठेवली. तीन. गोधडीखालची काच अजिबात हलत नव्हती. दुकानभर एक वास पसरला, घाण नव्हता तो, बंद पेटाऱ्याचा असतो तसा. चौथ्या मिनिटाला चाचांनी भोकावर अंगठा धरून बघितला आणि झटकन काढला. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते महिन्याभराचं हसू गेलं होतं.

सात मिनिटांनी हवा थांबली.

चिंधोटी खाली लोंबली. आम्ही दोघं तिच्याकडे बघत होतो. मग तिचं टोक उचललं गेलं, दुसऱ्या बाजूला, आणि ती माझ्या बोटांतून निसटून भोकाला चिकटली. दुसऱ्या क्षणी आत ओढली गेली. फरशीवरची धूळ पेटीकडे सरकायला लागली. टेबलावरची बिलं, सोल्डरची रिकामी रिळं सरकली, कॅलेंडर भिंतीपासून सुटून त्या दिशेला फडफडलं. घाट चढताना बसतात तसे माझ्या कानांत दडे बसले. श्वास घेतला तर छातीत काही येईना.

चाचांनी माझा दंड धरला आणि मला रस्त्यावर आणलं. मग वळून त्यांनी शटर खाली ओढलं, दोन्ही कुलुपं लावली आणि फुटपाथवर बसकण मारली.

"आपलं चुकलं, निकिता," ते म्हणाले.

८

त्याला आता दोन महिने होतील. प्रदर्शनाला आम्ही गेलो, घोडेगावचा संगणक घेऊन. लोकांना आवडला. चाचा बरे आहेत. चाचींनी मोजायचं सोडून दिलं. चाचांना आता कसलीच शिट्टी ऐकू येत नाही, उलट मी खालच्या आवाजात बोलले की दोनदा सांगावं लागतं. रविवारी ते माझ्या घरी येतात, मी गच्चीवरच्या खोलीत टेबल मांडलं आहे. पिक्चर ट्यूबची वस्तू आम्ही घेत नाही.

दुकान त्यांनी पुन्हा उघडलं नाही. मागच्या घरातून दुकानात जाणारं दार विटांनी बुजवून घेतलं. का, ते शिंप्यानं विचारलं तर वाळवी सांगितली.

त्यांना घरी सोडल्यावर मी दुकानापुढच्या रस्त्यानं जाते. हे त्यांना माहीत नाही. समोरच्या रसवंतीत बसते, रस घेते आणि त्या शटरकडे बघते. आधी काही दिसत नाही. मग पत्र्याच्या पट्ट्या मधोमध थोड्या पुढे येतात, पोट आल्यासारख्या, आणि कुलुपं कडीत सरकतात. रसवंतीवाला म्हणतो, वारं. झाडाचं पानही हलत नसतं तेव्हा. मग पट्ट्या हळूहळू आत जातात.

मी मोबाईलवर वेळ लावते. मला भीती वाटते, पण रविवार कधी येतो असंही होतं. पहिल्यांदा मोजलं तेव्हा सात मिनिटं बाहेर, सात मिनिटं आत. जुलै संपताना पाच झाली होती.

गेल्या रविवारी दोन.